बत्तीसच्या पुढे

फ्रिजच्या दारावर सोळा आठवड्यांचा कागद,
कोपऱ्यात लोण्याचा डाग.
अकराव्या रविवारच्या चौकटीत आयनने लाल पेनाने लिहिलंय :
बत्तीस किलोमीटर. शर्यत.
पण शर्यतीसारखं पळू नकोस.

असं वाक्य आयनच लिहू जाणे.
पंचाहत्तरीचा, दोन्ही खुबे बदललेला,
सायकलवरून मागे मागे येत राहतो
आणि सांगतो, रेविन, ही रंगीत तालीम,
नाटक जूनमध्ये आहे.
तालमीत जीव द्यायचा नसतो.

मी मान डोलावते.
मग पहाटे पावणेपाचला, शाळेची बस काढायच्या आधी,
कपाळावरच्या दिव्याच्या वाटोळ्या उजेडामागे
साउथलंडच्या सपाट रस्त्यांवर पळताना
हरवतेच कुणाला तरी मनातल्या मनात.
बहुतेक वेळा डेस्लीला.

डेस्ली गोरची. एकदा शेवटच्या दोनशे मीटरमध्ये
माझ्या शेजारून पुढे गेली, तेही गप्पा मारत.
नऊ वर्षं झाली.
गप्पा कशावर होत्या तेही आठवतं :
गालिचे धुवायच्या यंत्रावर.

रविवारी वारा थेट अंटार्क्टिकाहून,
मधे त्याला अडवायला एक झाड नाही.
गाडीच्या डिकीत बसून मी गुडघ्याला पट्टा बांधला.
उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.
एक्कावन्न वर्षांची नवरी म्हणा हवं तर,
लग्नाला अजून पाच आठवडे.

पहिले दहा कागदाप्रमाणे.
पंधराला पाणी, अर्धं घशात, अर्धं छातीवर.
अठराला दिसली डेस्लीची निळी टोपी
आणि संपला कागद.
पाय माझे राहिले नाहीत,
नऊ वर्षांच्या रागाने ते भाड्याने घेतले.
आयन मागून ओरडला.
वाऱ्याने ते ओरडणं उचलून
कुंपणापलीकडे टाकून दिलं.

एकविसाव्याला मेंढ्या.

सातशे तरी असतील.
या फाटकातून त्या फाटकात, सलगमच्या शेताकडे,
रस्ताभर नुसती लोकर.
शेतकरी टोपी काढून म्हणाला,
माफ करा हं, मला वाटलं शर्यत काल होती.
आम्ही चौदा जण उभे.
घड्याळं चालू, पोटऱ्या गार पडत चाललेल्या,
आमच्या अंगातून वाफ, त्यांच्याही.

डेस्ली माझ्या शेजारी.
जवळून पाहिलं तर तिच्याही गुडघ्याला पट्टा.
"तुझ्या कागदावर काय आहे?"
"हळू."
"माझ्याही," ती म्हणाली,
आणि दोघी दोन दिशांना बघू लागलो,
साखरेच्या डब्यात हात सापडलेल्या पोरींसारख्या.

शेवटची मेंढी लंगडत होती.
कुत्रा तिच्या मागे.
भुंकला नाही, चावायला धावला नाही,
तिच्या चालीने चालत राहिला फाटकापर्यंत.
तोवर आयनही येऊन पोचला,
एक पाय जमिनीवर टेकून धापा टाकत.
काही बोलला नाही.

तीन तास अकरा मिनिटं, मेंढ्या धरून.
डेस्ली पुढे की मी, खरंच आठवत नाही.
(आठवतं. ती. चार पावलं.)

हॉलमध्ये भोपळ्याचं सूप आणि चीज रोल.
मी आयनला विचारलं, दरवेळी विचारते तेच :
बत्तीसनंतरचे दहा आणि वर थोडे,
ते कुठल्या आठवड्यात आहेत?
कागद उलटा करूनही पाहिला मी.
त्याने रोलचं टोक सूपात बुडवलं,
सावकाश खाल्लं, बोटं पुसली.
"ते कुठेच नाहीत," म्हणाला,
"आणि तिथे मेंढ्याही नसतात."

सोमवारच्या चौकटीत एकच शब्द : आराम.
बसच्या पायऱ्या मी उलट्या उतरले, कठडा धरून,
पोरं खो खो हसली.
शाळा ते नदीवरचा पूल, दहा किलोमीटर आणि वर थोडे.
सहा वर्षं रोज चालवते हा रस्ता.
आज कुंपणाचे खांब मोजत गेले
आणि पुलावर पोचले तेव्हा
मागून कुणीतरी विचारलं,
बाई, आज एवढी हळू का?